टॉलेफसनच्या कोटाची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, नुसती बसायची. हातभर लांब, हातभर रुंद, आणि एके काळी हिरवी. माझी हकीकत ऐकताना तुम्हाला व्याकरण जरा सांभाळून घ्यावं लागेल, कारण मी जन्माला आलो तो कोट म्हणून आणि म्हातारी झाले ती गादी म्हणून. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कोट होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! विस्कॉन्सिनमधल्या कॉपर बेंड गावच्या 'फेरीमेन' या ढोल-बिगुलांच्या पथकाचा मी गणवेश. अस्सल लोकर, ताठ कॉलर, चौदा पितळी बटणं. भर जुलैच्या उन्हात लोकर घालून चालत चालत वाजवायचं, ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही. पण त्याचा सगळा घाम मी प्यायलो. माझ्या अस्तराला एक पांढरी पट्टी शिवलेली होती : 'ए. टॉलेफसन, बॅरिटोन'. बॅरिटोन म्हणजे घोगऱ्या, भारदस्त आवाजाचं थोरलं बिगुल. आणि ए. म्हणजे अर्व्हिड, माझा धनी. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि माझ्यात आरामात मावत होता. एकवीस पुरी झाली की पथकातून बाहेर पडावं लागतं, त्यामुळे १९७९चा उन्हाळा त्याचा शेवटचा होता.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मोठी स्पर्धा होती. आमच्या वादनात एक जागा अशी होती, की सव्वाशे जणांनी एकदम थांबायचं, चार ठोके चिडीचूप राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून स्टेडियम दणाणून सोडायचं. त्या दिवशी आम्ही थांबलो. एक ठोका गेला, दोन गेले, तीन गेले. हजारो माणसं श्वास रोखून बसलेली. आणि अशा त्या शांततेत माझ्या आतल्या छातीतून एकच सूर सुटला : "पॉंऽऽ!"

एक ठोका आधी.

त्या काळी परीक्षक मैदानात रांगांमधूनच फिरत आणि चूक ऐकली की कागदावर रेघ मारत. एक रेघ म्हणजे एक दशांश गुण वजा. आमच्या पुढ्यातल्या परीक्षकाने दचकून वर पाहिलं आणि रेघ मारली. अंतिम फेरीत बारा पथकं जायची होती. आम्ही तेरावे आलो, अर्ध्या दशांशाने.

फेरीमेनची एक रीत आहे. वादन झालं की सगळ्यांनी बसगाड्यांपाशी अर्धवर्तुळाची कमान करून खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि पथकगीत आधी गायचं, मग वाजवायचं. ज्याने एकदा आमचा गणवेश घातला, त्याची त्या कमानीत जन्मभर जागा. त्या संध्याकाळीही कमान झाली, पण अर्व्हिड सामानाच्या ट्रकमध्ये ढोलांच्या मागे लपून बसला होता आणि माझ्या बाहीला नाक पुसत होता. लोकरीला ते सोसत नाही, तरी मी गप्प राहिलो. मध्येच बाहेर हास्याचा मोठा कल्लोळ उठला.

"मलाच हसतायत," असं म्हणून तो आणखी आत सरकला.

ते त्यालाच हसत होते, यात शंका नाही. पण ते हसणं कशा प्रकारचं होतं, हे आम्हा दोघांना कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

पुढे पथकाने नवे गणवेश शिवले आणि जुने ज्याचे त्याला देऊन टाकले. अर्व्हिडचं डोरीनशी लग्न झालं. डोरीन बटाटे चीजमध्ये बुडवून भाजते आणि वाढताना हात आखडता घेत नाही. एका रविवारी अर्व्हिडने आरशासमोर मला अंगावर चढवायचा घाट घातला. पाचवं बटण उडून दिव्यावर आदळलं, पाठीची शिवण टर्रकन उसवली आणि माझा कोटाचा जन्म संपला. डोरीनने कात्री आणली, जुन्या सोफ्याचा स्पंज आणला आणि दुपारपर्यंत मी गादी झाले होते. अस्तर चांगलं होतं म्हणून तिने ते आत तसंच ठेवलं, नावाच्या पट्टीसकट. एका कोपऱ्यात एक बटणही ठेवलं. "वरची बाजू कोणती ते कळायला नको का?" ती म्हणाली. पहिल्याच दिवशी अर्व्हिड नेमका त्या बटणावर बसला, त्यामुळे त्याला वरची बाजू जन्मभर लक्षात राहिली.

मित्रांनो, ज्याच्या छातीवर मी मिरवलो, त्याच्याच खाली माझी रवानगी झाली. सुरुवातीला मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की माणूस छातीपेक्षा बसण्यातून जास्त कळतो.

दर जूनला अर्व्हिड चीजच्या कारखान्यातली रजा जमवायचा, मला गाडीत टाकायचा आणि पथक जिथे जाईल तिथे आम्ही तिघं त्याच्या मागे. आयोवा, इंडियाना, ओहायो. ऑगस्टपर्यंत हाच उद्योग. अ‍ॅल्युमिनियमचे बाक असे तापायचे, की त्यांच्यावर आम्लेट झालं असतं; ते मी अंगावर घेतलं. हिवाळ्यात तो गॅरेजमधल्या स्टुलावर मला ठेवून जुन्या ध्वनिफिती ऐकायचा. पथकाकडून पत्रं यायची, ती न उघडता खणात टाकायचा. "मला माहीत्ये आत काय लिहिलं असेल ते," म्हणायचा.

स्टेडियममध्ये आम्ही बसायचो कुठे? पार शेवटच्या रांगेत, टोकाला. कोणी ओळखू नये म्हणून अर्व्हिडने दाढी वाढवली होती आणि टोपी डोळ्यांवर ओढलेली असायची.

"अरे, तुझी आई आली तरी तुला ओळखणार नाही," डोरीन विणकाम करता करता म्हणायची. "चार माणसांएवढा झालायस तू."

"तू ऐक ना जरा. बघ, पोरं पळतात किती! आमच्या वेळी पळायचं नाही, चालायचं."

"तुमच्या वेळी लोकर होती. आता बघ, योगासनांना निघाल्यासारखी दिसतायत बिचारी."

नव्या गणवेशांबद्दल मी मत देणार नाही. ताणले की ताणले जातात, आणि बटण म्हणून एकही नाही. असो.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी डोरीनलाही दिसत नव्हती. वादनात कुठेही थांबा आला, की अर्व्हिड श्वास रोखायचा आणि माझ्यापासून बोटभर वर उचलला जायचा. पथकाने बरोबर ठोक्यावर सुरुवात केली, की पुन्हा धपकन खाली. इतक्या उन्हाळ्यांत मला जो काही वारा मिळाला, तो त्या शांततांमध्ये. आणि शेवटचा सूर विरायच्या आत तो मला काखेत मारून गाडीकडे पळायचा. कमान व्हायच्या आत त्याला निघायचं असे. पथकगीत त्याने १९७९नंतर एकदाही ऐकलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. ऑगस्टनंतर दोघं ॲरिझोनाला मुलीकडे कायमची राहायला जाणार होती. अर्व्हिडचे गुडघे पायऱ्या चढताना लाकडी जिन्यासारखे वाजत होते. आयोवातल्या एका लहान गावचा कार्यक्रम हा आमचा शेवटचा.

"आज तरी थांब," डोरीन म्हणाली. "जा, उभा राहा त्यांच्यात. परत कधी येणारेस?"

"कुठल्या तोंडानं उभा राहू? त्या पोरांना कोणी सांगितलं, हाच तो, तर?"

"ती पोरं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, अर्व्हिड! त्यांचे आईबापसुद्धा शाळेत होते!"

"विषय नको," तो म्हणाला आणि माझ्यावर जड झाला.

वादन संपलं. ऊन अजून मैदानावर होतं. अर्व्हिड उठला, गुडघे चोळले आणि मला घ्यायला वाकणार, तेवढ्यात डोरीन म्हणाली, "तू हो पुढे, मी आणते सगळं." मग तिने आपली पिशवी उचलली, विणकाम उचललं, आणि चपलेच्या टोकाने मला बाकाखाली ढकललं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "माफ कर हं, बाई. आता तुझ्याच हातात आहे."

मला हात नाहीत, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

कार्यक्रम झाला की पथकाचे स्वयंसेवक बाकांखालचा कचरा उचलतात. माझ्यापाशी आली ती बेव्ह. ती फेरीमेनचे गणवेश दुरुस्त करते, साठी उलटलेली, गळ्यात दोरीला कात्री. तिने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, पुन्हा बाहेर काढलं, बोटांनी लोकर चोळली, बटण उन्हात धरलं.

"अगं बाई, हे तर आमचं!" असं म्हणत तिने सरळ माझी शिवण उसवली. इतकी घाई मी कुठल्याच शिंपिणीत पाहिली नव्हती. अस्तरावरची पट्टी वाचली मात्र, आणि ती अशी किंचाळली की खाली कोक विकणारा माणूस दचकून खोक्यामागे बसला.

इकडे अर्व्हिड तीस मैल पुढे गेला होता. हे मला नंतर कळलं. पेट्रोल पंपावर त्याने विचारलं, "गादी कुठाय?" आणि डोरीनने डोळे एवढाले करून म्हटलं, "अय्या! तू नाही घेतलीस?" त्या नाटकाबद्दल तिला बक्षीस मिळायला हवं होतं. गाडी उलटी फिरली.

अर्व्हिड पोचला तेव्हा पथकाची कमान होऊन उभी होती, कारण गादीचा धनी शोधत येईल म्हणून बेव्हने कोणालाच गाऊ दिलं नव्हतं. कमानीच्या मधोमध ती मला छातीशी धरून उभी, माझा स्पंज बाहेर लोंबत असलेला.

"ती माझी गादी आहे," अर्व्हिड लांबूनच म्हणाला.

"तुमचं नाव काय?" बेव्हने विचारलं.

"कशाला?"

"नाव सांगितल्याशिवाय मिळायची नाही."

अर्व्हिडने इकडेतिकडे पाहिलं. "स्मिथ," तो म्हणाला.

"मग माफ करा, मिस्टर स्मिथ. ही टॉलेफसनची आहे."

मागून डोरीन धापा टाकत आली. "तोच आहे तो! टॉलेफसन! एवढी वर्षं मी काय स्मिथच्या मागे हिंडले?"

बेव्ह दोन पावलं पुढे आली आणि दाढीच्या आत निरखून बघायला लागली. तिचं 'तुम्ही' तिथेच गळून पडलं. "गाढवा! मी झेंडा घेऊन तुझ्या समोर होते त्या दिवशी! होतास कुठं तू?"

"ट्रकमध्ये," अर्व्हिड म्हणाला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

कमानीतून एक उंच मुलगी पुढे आली. हातात बॅरिटोन, नाव ऑड्रा. "एक मिनिट," ती म्हणाली. "टॉलेफसन म्हणजे... टॉली? टॉली माणूस होता?"

"मला वाटायचं कुत्रा," मागून कोणीतरी म्हणालं.

अर्व्हिडला काही उमगेना. मग बेव्हनेच सांगितलं. त्या संध्याकाळी सगळं पथक रडत रडत पथकगीत वाजवत होतं. शेवटच्या सुराआधी चार ठोक्यांचा थांबा असतो. तिथे अर्व्हिडच्या शेजारी वाजवणाऱ्या बॅरिटोनवाल्याने मुद्दाम एक ठोका आधी "पॉंऽऽ" केलं. रडणारी सव्वाशे पोरं पोट धरधरून हसली आणि त्या हसण्यानेच पुढच्या वर्षी परत आली. तेव्हापासून दर वेळी, प्रत्येक गावी, त्या थांब्यात एक बॅरिटोन एक ठोका आधी वाजतं. त्या सुराला 'टॉली' म्हणतात. पथकातलं शेवटचं वर्ष असलेल्यालाच तो मान मिळतो.

"आम्ही भांडतो त्यासाठी," ऑड्रा म्हणाली. "आज माझी पाळी होती." आणि तिने आपलं बॅरिटोन अर्व्हिडच्या हातात दिलं.

"पत्रं किती पाठवली तुला!" बेव्ह म्हणाली. "दर वर्षी! ये आणि तुझा सूर तू वाजव म्हणून!"

डोरीनने गॅरेजमधल्या खणाची आठवण काढली नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं.

अर्व्हिड कमानीत उभा राहिला. एका खांद्याला बेव्ह, दुसऱ्याला ऑड्रा, आणि मी बेव्हच्या काखेत. आधी सगळे गायले. त्याला शब्द न् शब्द पाठ होता. मग वाजवायला सुरुवात झाली आणि थांबा आला. एक ठोका. दोन. तीन. सगळं पथक डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होतं. अर्व्हिड श्वास रोखून चवड्यांवर उचलला गेला, आणि चार ठोके पुरे झाल्यावर, सगळ्यांच्या बरोबर, अगदी नेमक्या क्षणी वाजला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मिस्टर टॉलेफसन," ऑड्रा हळूच म्हणाली, "तुम्ही वेळेवर वाजवलंत."

"मग?"

"मग चुकलं ना!"

"अरे देवा!" डोरीन ओरडली. "अख्खा जन्म ज्या ठोक्यासाठी रडलास, तो आज हात जोडून समोर आला, आणि तू गप्प?"

मग सगळ्यांनी पुन्हा वाजवलं. या वेळी अर्व्हिड एक नव्हे, चांगला दोन ठोके आधी सुटला, असा की पार्किंगमधल्या एका गाडीचा भोंगा आपोआप केकाटायला लागला. सगळी कमान हसून वाकली. अर्व्हिडही हसला, मग रडायला लागला, आणि रुमाल सापडेना म्हणून त्याने बेव्हच्या काखेतून मला ओढलं आणि माझ्यात नाक पुसलं. जिथे पुसलं तो तुकडा एके काळी माझी बाही होती. मी या वेळीही काही बोलले नाही, पण या वेळी मला ते आवडलं.

बेव्हने मला तिथेच शिवलं, जरा वेडंवाकडं, पण पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवून. आता मी ॲरिझोनात अंगणातल्या खुर्चीवर असते. जूनमध्ये आम्ही विमानाने जाणार आहोत. तिकिटं पहिल्या रांगेतली आहेत, ऑड्राच्या शेजारची. तीही आता आमच्यासारखीच बघायला येणारी झाली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या कपड्यातली नावाची पट्टी उसवून फेकू नका, आणि आलेली पत्रं वेळच्या वेळी उघडा. कधी तुमचा सूर एक ठोका आधी सुटलाच, तर खुशाल रडा, पण ट्रकमध्ये लपून नको. बाहेर या. बाहेर तुमची जागा मोकळी ठेवून सगळे थांबलेले असतात.