चौथ्या दिवसाची नोंद

दप्तरखान्यात उड्डाणनोंदींची एकोणिसावी वही उघडून त्याने चष्मा पुसला आणि तारखेवर बोट ठेवलं. शोधमोहीम, दिवस चौथा. मासेमारीची बोट, माणसं सहा. उड्डाण नऊ तास दहा मिनिटं. शेवटच्या रकान्यात तीन शब्द: काही आढळले नाही.

अक्षर त्याचंच होतं.

सागरी गस्तीचं ते विमान आता संग्रहालयाच्या अंगणात उभं राहणार होतं. विमानाच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा इतिहास दोन पानांत लिहून द्या, असं दप्तरखान्यातल्या बाईंनी त्याला सांगितलं होतं. त्यातली बावीस वर्षं त्याने डावीकडच्या फुगीर काचेला कपाळ टेकवून समुद्र न्याहाळण्यात घालवली होती. नजर अशी, की सगळे त्याला घार म्हणत. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रविवारी फोन करायची, तब्येत विचारायची, आणि तो ठीक आहे म्हणायचा. निवृत्तीनंतर घर घेताना त्याने मुद्दाम समुद्र न दिसणारं निवडलं, तेव्हा दलालही चक्रावला होता.

उड्डाणाचे तास, तळांची नावं, वादळातून वाचवलेले अकरा खलाशी, सगळं भराभर लिहून झालं होतं. इथे मात्र पेन अडलं.

त्या दिवशी त्याने दोनदा विमान वळवायला लावलं होतं. एकदा ओंडका निघाला, एकदा प्लॅस्टिकचं पिंप. मागे कुणीतरी खुसखुसलं. मग परतीच्या वाटेवर, उन्हाच्या चकाकीत, एक केशरी ठिपका, जीवरक्षक जाकिटाच्या रंगाचा. एक श्वास, फार तर दोन. इंधन बेताचं होतं. पुन्हा हसं होईल या धाकाने त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी शोध दक्षिणेकडे सरकला. बोट कधीच सापडली नाही.

हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने बाईंकडून त्या दिवशी विमान चालवणाऱ्या कॅप्टनचा नंबर मागून घेतला. चौदा वर्षांत दोघं बोलले नव्हते, तरी कॅप्टनने आवाज लगेच ओळखला. गुडघ्यांची, साखरेची चौकशी झाली. मग त्याने ती तारीख सांगितली.

"सर, त्या दिवशी मला काहीतरी दिसलं होतं. मी बोललो नाही."



"केशरी," कॅप्टन म्हणाला. "डावीकडे. मलाही दिसलं होतं."

तो खुर्चीत मागे टेकला.

"इंधनाच्या काट्याकडे बघत होतो. म्हटलं, खरंच काही असेल तर घार बोलेलच. तू गप्प राहिलास, मग मीही मनाची समजूत घातली."

"आणि तुम्ही वळला नाहीत, म्हणून मला वाटलं, भासच असेल."

"हं."

 कॅप्टनने विचारलं, लिहिणार आहेस का. तो हो म्हणाला.

"मग 'आम्ही' असं लिही."

त्याने लिहिलं: परतीच्या वाटेवर आम्हाला केशरी काहीतरी दिसलं. आम्ही वळलो नाही. लिहिलेलं त्याने फोनवर वाचून दाखवलं. कॅप्टनने एक शब्दही बदलायला सांगितला नाही. त्या सहाजणांची नावं आहेत का, एवढंच विचारलं.

त्याने पान उलटलं, मग मागचंही पाहिलं. वहीत फक्त आकडा होता. समोर बसलेल्या बाईंना त्याने विचारलं, तशा त्या किल्ल्या घेऊन भिंतीकडच्या कपाटाकडे गेल्या.

"नाहीत इथे, सर," तो फोनवर म्हणाला. " शोधावी लागतील."

"शोध," कॅप्टन म्हणाला. "मी थांबतो."