अप्पांच्या कानातला खडखडाट

मी दीपश्रीच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे, वाजणं हे काम. आणि वाजायचो मी दणक्यात. उंच बटणांचा, जड अंगाचा. बंगळूरच्या कंपनीचं काम ती धारवाडात, मळमड्डीच्या घरी बसून करायला लागली, तेव्हा तिनं मला हौसेनं आणलं. सात वर्षं तिची बोटं माझ्यावर होती. मला त्याचा कोण गर्व!

शेजारच्या खोलीत तिचे अप्पा बसायचे. गणिताचे निवृत्त मास्तर, डोळे जवळजवळ गेलेले. लेकीची नोकरी शाबूत आहे, हे त्यांना माझ्या आवाजावरून कळायचं.

मग तिची मनगटं दुखायला लागली. आधी मुंग्या, पुढे चहाचा कप धरवेना. देशपांडे नगरातले डॉक्टर म्हणाले, "टायपिंगनं झालंय हे. दोन महिने हात पूर्ण थांबवा. पुढेही हेच काम जमेल असं धरून चालू नका." तिनं रजा घेतली, मनगटांना पट्टे बांधले. अप्पांना मात्र सांगितलं नाही. कंपनीतून तेव्हा माणसं काढत होते. अप्पा हाय खातील, असं तिला वाटलं.

आणि मग तिनं जे केलं, ते मला अजून छळतं. रोज दहा वाजले की ती पट्टे काढायची, माझी वायर कॉम्प्युटरमधून काढायची आणि मला वाजवत बसायची. उगाच, काहीही, अप्पांना ऐकू जावं म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी, आणि मी आपला खडखडतोय. एखादं बटण अडकवून धरावं म्हटलं, तेही मेलं साधलं नाही.

अठराव्या दिवशी अप्पा भिंतीला धरत आत आले. चाचपडत त्यांनी तिचे सुजलेले हात धरले.

"किती दिवस खोटं वाजवणार ग?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काम करताना तू मधे थांबतेस, विचार करतेस. हे न थांबता चाललंय."

ती रडायला लागली. "अप्पा, मला दुसरं काय येतं?"

"मी तीस वर्षं गणित शिकवलं. गणितं पोरंच सोडवायची. मी नुसतं विचारायचो, इथं का चुकलास? हात थांबले म्हणून तुझं डोकं थांबलं की काय?"

आता ती नवनगरात कोडिंग शिकवते. मुलं टाइप करतात, ती मागे उभी राहून चूक दाखवते. बाकीच्या वेळात दुसऱ्यांचं कोड तपासते आणि शेरे तोंडानं बोलून कॉम्प्युटरकडून लिहवून घेते. पण ते अठरा दिवस तिला भोवले. वेणी घालता येत नाही, म्हणून केस कापून टाकलेत.

मी कपाटात आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला, वायर माझ्याच अंगाभोवती. तरी दुपारी ती क्लासला गेलेली असताना अप्पा झोपेतून दचकून अर्ध्या कानडीत हाक मारतात, "साकु, दीपा, साकु. पुरे आता."

मी नाही वाजलो, अप्पा, असं मी मनात म्हणतो. पण परवा तो खडखडाट मीही ऐकला. तोच, न थांबणारा, माझ्याच अंगातून आल्यासारखा.

कुणीतरी मला भंगारात घाला रे. त्या म्हाताऱ्याला दुपारची झोप तरी लागू दे.