माझ्या काचेला एप्रन लावू नका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जगाच्या दक्षिण टोकाला राहतो, पण बर्फ मी फारसा पाहिला नाही. मी पाहिल्या त्या जिभा! शिवाय गळवं, सडकी नखं आणि बादल्या.

कारखान्यातून मखमली पेटीत निघालो, तेव्हा वाटलं होतं, तारे बघायला नेतायत. आमच्या अर्जेंटिनी तळावर पेटी उघडली आणि समोर आलं मेकॅनिक रामिरोचं गळू. इथे डॉक्टर नाही, फक्त नर्स नेलिदा. ती मला रोग्यावर धरते आणि तिकडे बुएनोस आयर्समध्ये बसून ओफेलिया डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्याने बघतात. त्यांचं बरं आहे, वास पोहोचत नाही. मला तरी कुठे नाक आहे, म्हणाल. अहो, रामिरोच्या मोज्यांपुढे मला नाक फुटलं! ते मोजे कोपऱ्यात आपले आपण उभे राहत. एकदा एक पेंग्विन दारातून डोकावला, तर त्याच्या अख्ख्या जमातीने वाट बदलली.

सुरुवातीला माझी काच कापसाने पुसत. पुढे ते काम स्वयंपाकी एवारिस्तोने प्रेमाने अंगावर घेतलं. येता-जाता एप्रनने पुसायचा. त्या एप्रनवर साऱ्या हिवाळ्याच्या मटणाची चरबी. शी!

आणि एके दिवशी तोच आडवा झाला. पोट ढोलासारखं, उलट्या थांबेनात. हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान पलीकडच्या किनाऱ्यावर उभं होतं, इकडे धुकं चढत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरच वैमानिक निघणार होता.

नेलिदाने मला बादलीवर धरलं. मला पापणी नाही, मित्रांनो. हे दुःख तुम्हाला कळायचं नाही.

"हिरवं आहे," नेलिदा म्हणाली.

"अहो, माते असणार!" रामिरो म्हणाला. माते म्हणजे आमचा कडू हिरवा चहा. प्यायला भोपळ्याची एक तुंबडी, एक नळी, साऱ्या तळाची तोंडं. पुन्हा शी! "जाड्याने ढोसला असेल. आणि अपेंडिक्स काढूनच तर इथे पाठवतात, पोटाला आणखी काय होणार?"

"मला नुसतं धुकं दिसतंय. कॅमेरा पूस गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नेलिदाने घाईत हाताला लागला तो एप्रन फिरवला.

"अगं, आता तर मी तळणीतून बघतेय!"

मग कुठे स्पिरिट आलं, कापूस आला. कित्येक वर्षांनी मला लख्ख दिसलं: ताणलेलं पोट, त्यावर जुन्या टाक्यांचा व्रण आणि बादलीत गडद हिरवं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याने आभार कधी मानले?"

आमच्यात तुंबडी परत देताना 'आभार' म्हटलं, की त्याचा अर्थ 'पुरे, आता मला नको'.

रामिरोचा चेहरा पडला. "काल सकाळी. पहिल्याच घोटाला. मी चिडवलं पण, 'का रे, माझ्या हातचं कडू लागतं?' त्यानंतर थेंब नाही घेतला त्याने."

"मग हे माते नाही, पित्त आहे. वारा सरतोय का?"

"कालपासून खोलीत श्वास घेता येतोय, बाई," रामिरो म्हणाला. हसलं कुणीच नाही.

"आतडं अडकलंय. जुन्या टाक्यांपाशीच चिकटलं असणार. विमान आत्ता निघू दे, मी सांगते त्यांना."

विमान धुक्याच्या शेपटीला धरून उतरलं. स्ट्रेचरवरून एवारिस्तो कण्हत म्हणाला, "रामिरो, तुझ्या हातचं कडूच लागतं रे, गाढवा." रामिरो तोंड फिरवून नाक पुसत राहिला. बाहीनेच, अर्थात.

पुढच्या उन्हाळ्यात एवारिस्तो परतला, पोटावर नवा व्रण घेऊन. आल्या आल्या माझ्याकडे धावला, "माझ्या जिवाचा डोळा तू!" म्हणाला आणि काचेचा मुका घेतला. ओला. कांद्याचा.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, जरूर करा. पण ओशट डोळ्याला पित्तही चहाच दिसतं. म्हणून आधी स्वच्छ कापूस शोधा. आणि मुका घ्यायचाच असेल, तर निदान तोंड पुसून या. एप्रनने नव्हे!