वेचणीचा हात

मंगळवारी सकाळी गावातून जिल्ह्याच्या कबड्डीला जीप निघणार होती, आणि सोमवारी दुपारीच आभाळ भरून आलं. श्रावणच्या वावरात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता. भिजला असता तर पिवळा पडला असता. पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं वेचणी सुरू केली होती, पण मजूर बाया ज्याच्या त्याच्या वावरात अडकलेल्या.

जीपमधून या घरातली दोघं जाणार होती. दीपमाला दहावीतली, मुलींच्या संघाची पहिली चढाई तिची. मोठा भाऊ रवी बारावीत, मुलांच्या संघात राखीव. त्याला अजून एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं.

वावराच्या कडेला धुऱ्यावर उभ्या श्रावणनं सांगून टाकलं, दीपानं जायचं नाही.

"मीच काहून?" तिनं विचारलं. "दादा तं राखीव हाये."

"थो वेचणार हाये का?"

"त्याले हात नाईत का?"

आमच्याकडे गडी माणूस डवरा धरतो, फवारतो, कापसाची गाठोडी उचलतो. कमरेला फडक्याची ओटी बांधून वेचत नाही. तरी प्रभावतीनं आपलं फडकं सोडून पोरापुढं धरलं. "एक दिवस बांध, बाप्पा. बहीण खेळून येईन तुही."

रवीनं बांधलं. चार-दोन बोंडं काढली असतील, तोच शेजारच्या वावरातून धुरपताबाई बोलली, "काय वं प्रभावती, सून आणली अन् जेवाले नाई बलावलं?"

वावरभर बाया हसल्या. रवीही हसला, आणि हसत हसतच त्यानं गाठ सोडली. फडकं बहिणीच्या हातात दिलं.

"पुढल्या साली जाजो," श्रावण म्हणाला.

"पुढल्या साली माहं वय बसत नाई, बाबा."

"मंग तं मिटलंच."

खेळाच्या सरांनी फोनवर बरंच सांगून पाहिलं. श्रावण आभाळाचंच बोलत राहिला. शेवटी सरांनी आठवीतल्या एका पोरीला तिच्या जागी घेतलं.

मंगळवारी कडक ऊन पडलं. थेंबही आला नाही. दीपमाला दोन्ही हातांनी कपाशीच्या दोन-दोन ओळी, दोन-दोन तासं, एकदम ओढत होती. मायलाही तिला गाठणं जमेना.

दिवस कलताना रवी आला. त्याच्या कपड्यांना माती लागली नव्हती. मुली पहिल्याच सामन्यात हरल्या, एवढं त्यानं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "तू पाह्यजे होती." दीपमालानं त्याला गाठोडं उचलून द्यायला सांगितलं.

धुरपताबाई धुऱ्यावर आली. दिवसभर तिची नजर इकडंच होती. "श्रावणभाऊ, पोट्टीचा हात लय चपळ हाये. माह्या भाच्याकडं सारी कपाशीच हाये. पोट्टा पाह्यता का?"

दीपमाला ऐकू येण्याइतकी जवळ होती. तिनं बापाकडं पाहिलं.

श्रावणनं नाही म्हटलं नाही. "दहावी तं होऊ द्या," म्हणाला.

"होऊ द्या," धुरपताबाई म्हणाली. "आमी थांबतो."