दंडावरचा ठिपका

बशीतला कप किणकिणला आणि सकाळपासूनची शांतता मोडली. चंद्रभानचा उजवा हात थरथरत होता. त्याच्या बायकोने, गोपिकाने चहा पेल्यात ओतून दिला आणि पाच वर्षांच्या लेकीची, बबलीची वेणी घालायला घेतली. खापरखेड्याहून रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचायचं होतं.

सोनोग्राफीच्या रांगेत सगळ्या पोटुशा बाया.

"तुमचा कितवा महिना, भाऊ?" एकीने छेडलं.

"सातवा!" चंद्रभान म्हणाला. दुखणं लागून तेवढेच महिने झाले होते.

नसांच्या आजाराने त्याच्या दंडाचा स्नायू वाळत चालला होता. तो किती जाड उरलाय, हे डॉक्टर सोनोग्राफीच्या यंत्रावर मोजत. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी दंडावर पेनने खूण करून बजावलं होतं, "पुढच्या वेळी याच जागी मोजायचं. खूण पुसू देऊ नका." गोपिकाने दुसऱ्याच दिवशी गोंदणारीला बोलावून तिथे हिरवा ठिपका गोंदवून घेतला.

तो ठिपका पाहून डॉक्टर हसले. मग त्यांनी दोनदा मोजलं. गोपिकाने बबलीला जवळ ओढलं.

"बावीस मिलिमीटर. मागच्या वेळेइतकाच! मला वाटलं होतं, बारीक झाला असेल. आजार हळू चाललाय, ताई."

"पाहा वं, माहा दंडबी तुले भेऊन राहिला," चंद्रभान म्हणाला. कितीतरी दिवसांनी गोपिका खळखळून हसली.

बबलीने बोटाला थुंकी लावून ठिपका घासून पाहिला.

"आई, हा तं पुसतच नाही. मंग बाबाचा हातबी असाच राहीन ना?"