मोकळं!

आमच्या ‘तिसरी पाळी’ या बँडचे तीन अल्बम निघाले. दुकानदार ते नू मेटल नावाच्या कर्कश रॉकच्या कप्प्यात ठेवायचे, आई भंगाराच्या. “भांडी पडली तरी याहून सुरात पडतात,” असं ती पाहुण्यांदेखत म्हणायची. दादा गायचा, म्हणजे ओरडायचा. वायरमन गिटार वाजवायचा. पोटापाण्याचा धंदा वायरमनचा आणि हाकही तीच. ड्रमवर मी. पण तिन्ही अल्बममधला खरा ठेका आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. तो पत्रा कापणाऱ्या प्रेसचा होता.

त्या प्रेसवर आम्ही बहीणभाऊ कामाला होतो. दादा पत्रा आत सारायचा, हात बाहेर काढायचा आणि “मोकळं!” म्हणून ओरडायचा. मग मी पेडल दाबायचे. मोकळं, धाड. मोकळं, धाड. नव्या सुपरवायझरला हे ओरडणं खटकलं, कारण त्याच्या मते त्यात वेळ जात होता. त्यानं मला पॅकिंगला पाठवलं, पेडलवर नवा माणूस बसवला आणि सांगितलं, तोंड बंद ठेवा, मनातल्या मनात आकडे मोजा. तो नवा माणूस बिचारा बरोबर मोजत होता. एकदा पत्रा अडकला आणि दादाचा हात आत राहिला, एवढंच. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढे कारखाना बंद पडला. प्रेस भंगारात जाणार हे कळल्यावर वॉचमनच्या विनवण्या करून आम्ही आत शिरलो. दादानं त्याच हातानं पत्रा सारला आणि “मोकळं!” म्हणून घसा फाडला. मी त्याचा हात बाहेर आलेला डोळ्यांनी पाहिला आणि मगच पेडल दाबलं. वायरमननं सगळं रेकॉर्ड केलं. मी हात बघत थांबायचे, त्यामुळे धाड नेहमी जरा उशिरा यायची. त्या लंगड्या ठेक्यावर आम्ही पहिला अल्बम बांधला, मग दुसरा, मग तिसराही. एका शहाण्यानं छापलं, ‘यांना ताल सांभाळता येत नाही आणि त्यालाच हे शैली म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं.’ ऐकणारे मात्र यायचे, आणि गाणं सुरू व्हायच्या आत अख्खा हॉल “मोकळं!” म्हणून ओरडायचा.

मग आमचे अल्बम काढणारी कंपनी बुडाली आणि ते मिळेनासे झाले. दादा एका गोदामात राखणीला लागला. “आपण खरंच होतो का गं?” असं त्यानं मला एकदा जेवताना विचारलं. पुढे दुसऱ्या एका कंपनीनं तिन्ही अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं, तेव्हा त्याला झालेला आनंद मी बघत होते. शर्टाला त्यानं दोनदा इस्त्री केली.

कंपनीच्या मॅडम गोड बोलत होत्या. करार टेबलावर तयार होता. “आम्ही सगळं साफसूफ केलंय,” त्या म्हणाल्या. “ठेका मागे पडत होता, तो कॉम्प्युटरवर सरळ केला. निघतील तर असेच निघतील.”

“सही करून टाकू,” वायरमन माझ्या कानाशी लागला. “पाण्यात राहून माशाशी वैर नको.”

“पाण्यात आहोत कुठे आपण?” मी म्हणाले. “ कधीचे काठावर वाळत पडलोय.”

दादानं पेन उचललं होतं. “आधी ऐकू तर द्या.”

त्यांच्या रेकॉर्डिस्टनं गाणं लावलं. खोटं कशाला बोलू, गिटार कधी नव्हे इतकी छान वाजत होती. मग आली धाड. आणि तिच्या मागून “मोकळं!”

दादाचा डावा हात टेबलावरून झटक्यात उडाला आणि काखेत जाऊन दडला. त्याला स्वतःलाही ते नंतर कळलं.

“तुम्ही धाड पुढे सरकवलीत,” मी म्हणाले. आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. “तिथं त्याचा हात होता!”

“अहो, जरासाच फरक आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“तेवढ्यातच बोटं जातात.”

तो गोंधळला. माणूस वाईट नव्हता. “मग असं करू, ते ओरडणंच काढून टाकू. ठेका तर राहतोच.”

मी दादाकडे पाहिलं. सुपरवायझरचं ‘तोंड बंद ठेवा’ आम्ही दोघांनी एकदम ओळखलं.

“विचार करा,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर तुम्हाला कुणीच ऐकणार नाही. मग, करताय ना सही?”

दादानं पेनाला टोपण लावलं. काखेतला हात काढला आणि तिन्ही बोटं पसरून करारावर ठेवला.

“असं ऐकू येण्यापेक्षा न ऐकलेलं बरं,” तो म्हणाला. “आणि मॅडम, मी अजून मोकळं म्हटलेलं नाही.”

वायरमन सगळ्यात आधी उठला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

जिन्यात आल्यावर दादा थांबला, छाती भरून श्वास घेतला आणि त्या गुळगुळीत इमारतीत सगळ्या ताकदीनिशी ओरडला, “मोकळं!”

वरच्या मजल्यावरची दारं धडाधड उघडली, लोक वाकून बघू लागले. मी घाई केली नाही. कठड्यावरचा त्याचा हात बाजूला झालेला डोळ्यांनी पाहिला, आणि मगच तिथं मूठ हाणली.