अक्षरांतले ठिपके

दीनानाथ पस्तिशीत अक्षरं शिकले, तीही उलटी. पुण्याच्या छापखान्यात ते मशीनवर असताना खिळे जुळवणाऱ्या सुधीरने दुपारच्या डब्यानंतर उलट्या अक्षराचा शिशाचा एकेक खिळा त्यांच्या तळहातावर ठेवून शिकवली. त्यामुळे छापील काही समोर आलं की बाकीचे चित्र बघत. दीनानाथ आधी अक्षराची कड बघत.

या सवयीचा जर्मनीत काही उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पत्नी शैला वारल्यावर मुलगा कबीर त्यांना वाल्डॉर्फला घेऊन आला. आणल्यावर त्यांनी करायचं काय, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. सून नीना ऑफिसात, नात सिया शाळेत, आणि घरी आली तरी मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देणारी.

मग कबीरला बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा नाद लागला. हायडेलबर्गला पूर्वी अमेरिकन सैनिकांची वस्ती होती. त्यांच्या मागे राहिलेली, खेळाडूंची चित्रं असलेली पुठ्ठ्याची कार्डं तिथल्या जुन्या बाजारात निघत. खरी थोडी, नकली फार. एकदा कबीरने गंमत म्हणून एक कार्ड पुढे केलं. दीनानाथांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "खोटं आहे."

"खेळाडू कोण तेही तुम्हाला माहीत नाही, बाबा."

"मला काय करायचाय तो? नाव बघ. त्या काळी नाव वेगळ्या काळ्या शाईत छापायचे, सलग, भरीव. ठिपके फक्त चित्रात. इथे अक्षरातही ठिपके आहेत. अख्ख्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलंय कुणीतरी."

तेव्हापासून दर शनिवारी कबीर त्यांना गाडीत पुढे बसवून नेऊ लागला. कार्डं जमवणारी मंडळी एका गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळीत, भेटत. दीनानाथांनी मान हलवली की कार्ड खरं, पालथं घातलं की खोटं. जर्मन येत नसताना त्यांचा शब्द तिथे चालू लागला. ट्राम चालवून निवृत्त झालेले, त्यांच्याच वयाचे लिंडनर त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवत.

मार्चमधल्या एका शनिवारी कबीर बाहेर पार्किंग शोधत होता, तेव्हा लिंडनरांनी हरखून एक कार्ड पुढे केलं. "फॉन कबीर," म्हणाले. कबीरकडून विकत घेतलं. मग दीनानाथांच्या डोळ्यांकडे बोट करून अंगठा वर केला.

छापखान्यात बिघडलेला कागद चांगल्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून कोपऱ्याला नखाची खूण करत. दीनानाथांचा अंगठा ते अजून विसरला नव्हता. या कार्डाच्या डाव्या कोपऱ्याला खाच होती. त्यांनी नख टेकवलं, बरोबर बसलं. जानेवारीत घरी कबीरसमोर त्यांनीच पालथं घातलेलं कार्ड होतं ते.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "लिंडनरना काय सांगितलंस?"

"आल्झो, म्हणजे, बाबा, ते मागेच लागले होते. लहानपणी कुणा सैनिकाने त्यांना तसंच दिलं होतं म्हणे, हरवलं."

"सांगितलंस काय?"

"बाबांनी बघितलंय, एवढंच. बघितलं होतंत की तुम्ही. मी खोटं कुठे बोललो?"

"वकील व्हायचास. सॉफ्टवेअरमध्ये फुकट गेलास."

"आता हे उकरू नका. दोन वर्षं घासून नाव झालंय माझं तिथे."

"तुझं," दीनानाथ म्हणाले.

सोमवारी त्यांनी सियाकडून एक जर्मन वाक्य विचारून घेतलं आणि देवनागरीत चिठ्ठीवर लिहिलं. अर्थ एवढाच: त्याला माहीत होतं. मग एकटे बसने लिंडनरांकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते कार्ड आणि लिंडनरांचंच एक खरं कार्ड शेजारी ठेवून भिंग त्यांच्या हातात दिलं. लिंडनर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कबीर?" त्यांनी विचारलं.

चिठ्ठी दीनानाथांच्या खिशात होती. हात खिशापर्यंत गेलाही.

"नाइन," ते म्हणाले. छातीवर बोट ठेवलं. "इश. माइन फेलर." नाही. मी. माझी चूक.

लिंडनरांनी त्यांच्या हातावर थोपटलं. आजाऱ्याला थोपटावं तसं.

कबीरने दुसऱ्याच दिवशी जाऊन पैसे परत केले. मंडळींत त्याच्या सचोटीची वाहवा झाली, हे नीनाने जेवताना कौतुकाने सांगितलं.

"सांभाळून घेतलंत, बाबा," नीना आत गेल्यावर कबीर हळूच म्हणाला. "फक्त या शनिवारी येऊ नका. पुढचेही काही राहू देत. लोकांना तुमच्या नजरेची आता खात्री वाटत नाही."

दीनानाथांनी भाताचा घास कालवला. "लिंडनर काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हाताऱ्यावर रागावू नकोस. वय झालं की असं व्हायचंच."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? गेनाऊ म्हटलं. अगदी बरोबर."